कंपनीने पाळणाघराच्या फीत सवलत दिली, तर अमेरिकेत चाइल्ड केअर क्रेडिट (मुलांच्या सांभाळाच्या खर्चापोटी करात मिळणारी सूट) कमी होते का?

होय, सवलतीचा भार कंपनी स्वतः उचलत असेल, तर क्रेडिट कमी होऊ शकते. हे क्रेडिट मागण्याच्या फॉर्म 2441 मध्ये एका मुलासाठी 3,000 आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी 6,000 डॉलरपर्यंतचाच खर्च धरला जातो, आणि डब्ल्यू-2 (कंपनीकडून मिळणारे वार्षिक पगारपत्रक) च्या दहाव्या चौकटीतील करमुक्त मदत थेट या मर्यादेतूनच वजा होते (ही वजाबाकी सहज नजरेतून सुटते). त्यामुळे दोन मुलांची 9,000 डॉलर फी तुम्ही खिशातून भरली असली, तरी 4,000 डॉलरच्या सवलतीनंतर क्रेडिटसाठी जेमतेम 2,000 डॉलरचा खर्च धरता येतो. मात्र कंपनीने काहीही न भरता पाळणाघरानेच दर कमी केला असेल आणि ती चौकट रिकामी असेल, तर मर्यादेला धक्का लागत नाही. प्रत्यक्ष भरलेली फी तेवढी दाखवावी.