"सरासरीइतका उन्हाळा" म्हणजे आपल्या खान्देशात किती? (यावलच्या केळीवाल्या भाऊंना उत्तर, जरा लांबलंय)

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. यावल तालुका, दोन एकर मृगबाग (जून-जुलैत लावलेली केळी), फेब्रुवारीत निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, हंगामी अंदाजात "कमाल तापमान सरासरीच्या आसपास" आलंय म्हणून पश्चिमेच्या बांधावर ऊन-वारा अडवायला लावतात त्या हिरव्या जाळीचा खर्च यंदा वाचवू का, असं तुम्ही विचारताय. वर तुमचे सुरतचे मेव्हणे सांगतात की तापीचं खोरं समुद्राकडे उघडं आहे, मे मधे तिकडून वारं सुटलं की गार होतं, घाबरू नका. काय सांगू भो, काही वर्षांपूर्वी मी डिट्टो हेच केलं होतं. शब्द पण हाच होता. सरासरी.

आधीच सांगून ठेवतो, मी हवामानवाला नाही, केळीवाला आहे. जमीन, पाणी, वाण ज्याचं त्याचं वेगळं, माझं ऐकून काही बिघडलं तर शिव्या घालू नका. ठिबक, खतं, आच्छादन वगैरे तुम्हाला येतच असणार, ते लिहीत बसत नाही.

तर झालं असं की मार्च संपत आला होता, मी तालुक्याला दुसऱ्याच कामाला गेलो होतो, तिथं एका कार्यालयात (नाव घेत नाही, अजून तिथं कामं पडतात) सहज विचारलं, साहेब यंदा उन्हाळा कसा आहे हो. साहेबांनी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला, त्यावर पेन टेकवला आणि म्हणाले, "आपल्या विभागात नॉर्मल आहे, सरासरीइतका, बिनधास्त राहा." मी म्हटलं विभाग म्हणजे कोणता? तर म्हणे विभाग म्हणजे विभाग हो, पुढचा या. मागे रांग होती, निघालो. आणि जाळीसाठी बाजूला काढलेले पैसे त्याच दुपारी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात घातले. तो टायर अजून आहे. बघितला की डोकं फिरतं.

आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) खरंच बरं गेलं. पोरी झोके खेळल्या, घरात मांडे आणि आमरस झाला, मी सगळ्यांना सांगत फिरलो की यंदा काही नाही, साहेबांनी नकाशा दाखवलाय. मग मे च्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. मी वहीत रोज आकडा लिहितो, त्या आठ दिवसांचे आकडे ४४.२, ४४.५, ४४.४, ४४.७ असेच आहेत, ४५ ला एकदाही टेकलं नाही. पण सकाळी अकरापासून पाच वाजेपर्यंत पश्चिमेचा वारा, असा की विहिरीवर भिजवलेला गमछा बांधावर पोचेस्तोवर कडक. पश्चिमेच्या पहिल्या सात ओळी गेल्या. पानं कडेनं जळत आत आली ते ठीक, ते दरवर्षी थोडंफार होतं. पण घडाची उन्हाकडची बाजू आधी पिवळट पडली आणि दोन दिवसात काळी. मी वरच्या फणीला बोट लावून बघितलं तर साल मऊ, शिजल्यासारखी, आणि तीच केळी मागून हिरवीगार, टणक. कुठं कुठं दांड्यालाच चटका बसला आणि घडाच्या वजनानं तो तिथंच वाकून मोडला. जी खोडं उशिरा निसवत होती त्यांची कमळं (केळफुलं) खोडाच्या गळ्यातच अडकली, घड बाहेरच आला नाही. व्यापारी आला, चार ओळी फिरला, म्हणाला दादा ह्या सात ओळी सोडून बोलू. चारशेच्या वर घड होते त्यात.

मी परत त्याच टेबलावर गेलो. म्हटलं साहेब, तुम्ही सरासरी म्हणाला होता, हे बघा फोटो, निदान कोणी बघायला तरी या. तर उत्तर काय, "उष्णतेची लाट कुठं घोषित झाली होती? पाहणी कशाची करायची?" आणि दुसरं, "आम्ही विभागाचं सांगितलं होतं, तुमच्या शेताचं नाही." ते दुसरं वाक्य खरं होतं हो, राग त्याचाच जास्त येतो. हेच मार्चमधे सांगितलं असतं तर अर्धा मिनिट लागला असता. असो.

त्यानंतर मी डोकं घालून समजून घेतलं ते सांगतो, कारण ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

हवामान खात्याच्या हिशोबात जळगाव, धुळे, नंदुरबार हे "मध्य महाराष्ट्र" उपविभागात येतात. त्याच उपविभागात पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर पण आहेत. म्हणजे आपलं भुसावळ आणि महाबळेश्वर एका टोपलीत! अख्ख्या टोपलीचं एक वाक्य ऐकून आपण घरी यायचं. नकाशावर रंग बारकाईनं बघितले तर जरा फरक कळतो, पण टेबलावरचा माणूस तेवढं झूम करत नाही. दुसरं, तो अंदाज एप्रिल ते जून असा तीन महिन्यांचा मिळून असतो आणि तो पण शक्यतेच्या भाषेत. एप्रिल थोडा गार गेला, जूनमधे वळवाचे दोन पाऊस झाले की मधले आठ जळके दिवस सरासरीत विरघळून जातात. अंदाज खोटा ठरत नाही, आपली बाग मात्र जाते.

आणि सरासरी म्हणजे किती ते तरी विचारा ना. जळगावला मे महिन्याच्या कमाल तापमानाची सरासरीच ४२ च्या आसपास आहे. पुण्याच्या माणसाला "सरासरीइतका उन्हाळा" म्हटलं की तो पंख्यावर भागवतो, आपल्याकडे सरासरीइतका म्हणजे ४२ गृहीतच धरलेलं, त्याच्यावर काही चढलं तर ते वेगळं. लाटेचं पण तसंच. मैदानी भागात तापमान किमान ४० असावं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर जावं, किंवा मग सरळ ४५ ला पोचावं, तेव्हा लाट. ते पण उपविभागातल्या दोन तरी ठिकाणी, सलग दोन दिवस. आता ४२ मधे साडेचार मिळवा, ४६.५ होतात. म्हणजे ४४.७ आठ दिवस राहिलं तरी कागदावर लाट नाही. केळीला कागद वाचता येत नाही.

आता मेव्हण्यांचं. ते चुकीचं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. तापी मुलताईला उगम पावून सुरतेजवळ समुद्राला मिळते, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधे आपण, म्हणजे खोरं पन्हळासारखं पश्चिमेला उघडं आहे हे खरंच. पण सुरत ते जळगाव रेल्वेनं तीनशे किलोमीटर आहे, यावल-रावेर त्याच्याही पुढं. सुरतेला दुपारी जे खारं वारं लागतं ते इतक्या लांब टिकत नाही, येतायेता काळी तापलेली मोकळी रानं तुडवत येतं. वर आपण समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, पुणं साडेपाचशेच्या वर, तो पण फरक पडतो. मे च्या शेवटी शेवटी पश्चिमेचा जोर वाढतो, दमट हवा आधी नवापूर-नंदुरबारला, मग आपल्याकडे, तेव्हा पारा दोन-तीन अंश उतरतो हे मान्य. पण तोच वारा घडानं लादलेलं खोड झोपवतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. समुद्राचा भरवसा धरून जाळी टाळणं म्हणजे उन्हातून वाचून वाऱ्यात सापडणं. जाळी किंवा शेवरी (बांधावर लावतात ती उंच वाढणारी झाडं) ऊन-वारा दोन्हीला आडवी येते. शेवरीला आता उशीर झाला, ती लागवडीबरोबर जूनलाच लावायची असते, तुमच्यासाठी यंदा जाळीच.

मग अंदाज बघायचाच नाही का? बघा, पण हंगामी अंदाजावर पैशाचा निर्णय घेऊ नका. माझी पद्धत अशी की हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं तो बघायचा, त्यातले पहिले दोन आठवडे मनावर घ्यायचे, बाकीचे सोडून द्यायचे. मंगळवार-शुक्रवारचा जिल्ह्याचा कृषी सल्ला, मेघदूत अ‍ॅपवर मिळतो. आणि सगळे कमाल तापमान बघतात, तुम्ही किमान पण बघा. रात्री पारा २८-२९ च्या खाली येत नसेल तर झाडाला सावरायला वेळच मिळत नाही, माझ्या वहीत नुकसानीचे दिवस असेच निघाले. वाऱ्याची दिशा पण बघा, वायव्येचा कोरडा वारा आणि वर ४३, हे मला शांत हवेतल्या ४५ पेक्षा वाईट वाटतं. माझं मत आहे, कोणी तज्ञ वेगळं सांगेल तर त्यांचं ऐका.

बागेत स्वतःचा थर्मामीटर टांगा. पत्र्याच्या शेडला नको, हवा खेळेल अशा सावलीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर. खात्याच्या पांढऱ्या पेटीत पण तसाच असतो. आमच्या गावच्या ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा ५० चा फोटो टाकतं आणि मग "सरकार आकडे लपवतं" सुरू होतं. अरे उन्हात ठेवलं तर काहीही दाखवेल ना.

विम्याचं तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. केळीच्या हवामान विम्याची मुदत ऑक्टोबरमधे संपते, तेव्हा उन्हाळ्याचा अंदाज कोणाच्याच हातात नसतो. मी त्या वर्षी "बघू" म्हणून काढला नव्हता, म्हणून तो पण रस्ता बंद. काढला असेल तर तुमच्या महसूल मंडळाचं हवामान केंद्र कुठं उभं आहे ते एकदा जाऊन बघून या, पैसे तिथल्या आकड्यावर ठरतात, तुमच्या थर्मामीटरवर नाही.

जाळीचे पैसे अगदीच नसतील तर निदान पश्चिमेच्या पाच-सहा ओळींचे घड वाळल्या पानांनी झाका, दांडा पण झाकला पाहिजे, सगळे घड झाकतात आणि दांडा उघडा ठेवतात. पाणी संध्याकाळनंतर आणि पहाटे तोडून तोडून. केओलीन (पांढऱ्या मातीची पावडर, ऊन परतवायला) फवारतात काही जण, मी एकदा केलं, फरक पडला की त्या वर्षी ऊनच कमी होतं ते सांगता येणार नाही.

तुमच्या पश्चिमेला बांधापलीकडे शेजाऱ्याचं काय आहे, ऊस की रिकामं रान, आणि खोडाची उंची किती झालीय ते लिहा, त्यावरून जाळी किती फुटाची लागेल ते सांगतो. आज नाही, आत्ताच लाईट आलीय, व्हॉल्व्ह फिरवायला जातो.