घरची पाककृती लिहून देताना

आपण आजींची पुरणपोळी इतरांसाठी लिहून देणार आहात, याचा मनापासून आनंद झाला. मात्र पुण्यातही घरोघरी वाटीचे माप वेगळे असल्याने डाळ व गूळ ग्रॅममध्ये लिहावेत आणि शिजलेल्या डाळीतील कट (डाळ शिजवलेले पाणी) पूर्ण निथळून घेण्याची सूचना आवर्जून द्यावी, कारण पुरण सैल राहिले तर पोळी लाटताना फुटते. पुरणात उलथने उभे राहिले की ते झाले, ही खूण मिनिटांपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. कटाची आमटीही सोबत द्यावीच. अळूची पातळ भाजीही लिहून देणार असाल, तर तिच्यात चिंच ऐच्छिक म्हणू नये. मंडईतून आणलेल्या कोवळ्या पानांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यांनी घसा खाजतो; चिंचेच्या आंबटपणाने ही खाज कमी होते. आजींचे ‘अंदाजे मीठ’ त्यांच्यासमोर बसून मोजून घ्यावे.