यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यातून दारूमुक्तीच्या मीटिंगपर्यंत कसे पोहोचावे?

आर्णी तालुक्यातील एका खेड्यातून आपण विचारले आहे की, मोठ्या भावाला दारू सोडायची आहे, पण दारू सोडलेल्या लोकांची मीटिंग जवळपास कुठे भरते हे कोणालाच सांगता येत नाही, तर ती शोधायची कशी? अशा मीटिंगा भरवणाऱ्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा, म्हणजे ए.ए.चा, मी स्वतः सभासद आहे आणि विदर्भातल्याच एका खेड्यात राहतो.

सर्वांत आधी प्रकृतीचे पाहा. भाऊ रोज आणि सकाळपासून पीत असतील, तर मीटिंगला जायचे ठरले म्हणून घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. बरीच वर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की हात थरथरतात, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊन माणसे ओळखू येईनाशी होतात. आपल्याकडे अशा वेळी बाहेरची बाधा समजून माणसाला देवऋषाकडे नेतात आणि त्यात जीव जातो, याचे मला फार वाईट वाटते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात त्यांना दाखवा. सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालयांतही ही सोय आहे. शरीरातली दारू उतरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे आणि पुढे न पिता राहण्याचे काम मीटिंगचे.

मीटिंगचा पत्ता तीन ठिकाणी मिळू शकतो. त्याच मानसोपचार विभागातील समुपदेशकांना विचारावे, कारण जवळचे गट त्यांच्या परिचयाचे असण्याची शक्यता अधिक असते. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा निःशुल्क क्रमांक आहे, तेथे जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राची माहिती मिळते. आणि ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावरील संपर्क क्रमांकावर थेट फोन करावा. फोन उचलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेला माणूस असतो, त्यामुळे भावाने स्वतः बोललेले केव्हाही चांगले. फोनवर ठिकाण आणि वारच नव्हे, तर वेळही नीट विचारून घ्या.

वेळेबद्दल मुद्दाम लिहितो, कारण खेड्यातला माणूस अडतो तो इथेच. शहरातल्या मीटिंगा पुष्कळदा संध्याकाळी भरतात, त्या संपेपर्यंत आपल्या गावची शेवटची एस.टी. निघून गेलेली असते, आणि मग परतीची सोय नाही या कारणाने दुसऱ्या आठवड्यात जाणे सुटते. त्यामुळे रविवारी दिवसा भरणारी मीटिंग आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास गटातील लोकांना अडचण मोकळेपणाने सांगावी; नव्या माणसासाठी ते मुक्कामाची किंवा गाडीची व्यवस्था करताना मी पाहिले आहे. ऑनलाइन मराठी मीटिंगाही भरतात, रेंज असेल तर पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांचा मोठा आधार होतो. पण सुरुवातीला तरी प्रत्यक्ष जाऊन बसावे असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्यासारखाच शेतकरी समोर बसून आपलीच कहाणी सांगतो आहे, हे ऐकण्याने जे होते ते फोनवर तितके होत नाही.

ओळखीचे कोणी भेटेल ही भीती खेड्यात खरी असते. ए.ए.मध्ये हजेरीपट नसतो, आडनाव विचारत नाहीत आणि तिथे कोण भेटले हे बाहेर बोलायचे नाही असा दंडक आहे. तरीही भावाला संकोच वाटला, तर त्यांनी दुसऱ्या तालुक्यातल्या गटात जावे, त्यात गैर काही नाही. फी नाही, सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीवर खर्च भागतो. सभासद होण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. काही ठिकाणी मीटिंग चर्चच्या आवारातील खोलीत भरते, त्यावरून हा धर्मांतराचा प्रकार असल्याची कुजबुज गावात होते. ती खोटी आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली, १९५७ साली भारतात आली, आणि दारूपासून दूर राहण्यासाठी तिने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ज्याला जसा समजेल तसा परमेश्वर त्याने मानावा असेच सांगितले आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणि सोयाबीन-कापसाचे पैसे हातात येतात त्या आठवड्यात गावात पिण्याला ऊत येतो. त्या दिवसांत मीटिंग चुकवू नये, आणि गटातील एखाद्या जुन्या सभासदाचा क्रमांक आधीच घेऊन ठेवावा, म्हणजे तलफ आली की ग्लास उचलण्याआधी त्याला फोन करता येतो. भाऊ मध्येच घसरले, तरी मीटिंगचे दार त्यांच्यासाठी बंद होत नाही. दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा जावे.

पहिल्या वेळी आपण सोबत जाणार असाल, तर मीटिंग खुली आहे की बंद, हे फोनवरच विचारून घ्या. खुल्या मीटिंगला घरच्यांना बसता येते, बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. वहिनींसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात, तेथे दारुड्याच्या घरातील माणसे आपापसांत बोलतात. त्यांचीही चौकशी त्याच फोनवर करा, कारण भावाने पिणे थांबवले तरी इतक्या वर्षांचा धसका वहिनींच्या मनातून आपोआप जात नाही.