पत्ता बरोबर दिसतो, मग रस्ट का नाकारते?

प्रश्न : लातूरच्या आडत बाजारातल्या वजनकाट्यांची नोंद नेटवर्कवरून घेणारा प्रोग्रॅम रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितोय. काट्यांचे पत्ते टेक्स्ट फाइलमध्ये आहेत. '१९२.१६८.१.०१०:५०००' पार्स होत नाही, म्हणजे रस्ट तो पत्ता म्हणून वाचत नाही, 'काटा२:५०००' पण नाही. जुना सी प्रोग्रॅम हीच फाइल निमूट वाचायचा.
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाकारलं ते बरंच झालं. आकड्याआधी शून्य दिसलं की सी भाषेतलं पत्ता वाचणारं फंक्शन 'आयनेट-एटॉन' तो आकडा अष्टमान (आठच्या पटीत मोजलेला) धरतं. ०१० म्हणजे दहा नव्हे, आठ. जुना प्रोग्रॅम त्यावर चालत असेल, तर तो .१० ऐवजी .८ च्या दारात जात होता. रस्टमध्ये १.५३ आवृत्तीपासून (२०२१) असं शून्य सरळ चूक ठरतं.

'काटा२' हे नाव आहे, पत्ता नव्हे. पार्स फक्त मजकूर तपासतं. नावामागचा पत्ता शोधायला रस्टचं 'टू-सॉकेट-अॅड्र्स' लागतं. ते एकाहून जास्त पत्ते देऊ शकतं आणि उत्तर येईस्तोवर थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा तो चालू धागा, अडवून ठेवतं.

खरी मेख पुढे आहे. जोडणी करणाऱ्या 'टीसीपी-स्ट्रीम'च्या 'कनेक्ट'ला थेट मजकूर दिलात, तर पार्स फसल्यावर तो मजकूर नाव समजून सिस्टिमच्या रिझॉल्व्हरकडे (नावावरून पत्ता शोधणाऱ्याकडे) जातो. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमधला रिझॉल्व्हर पुन्हा अष्टमानच वाचतो, आणि .८ मागच्या दाराने परत येतो! म्हणून आधी ओळ 'ट्रिम' करा, म्हणजे कडेची मोकळी जागा काढा, कारण ओळ वाचणारं 'रीड-लाइन' शेवटचं न्यूलाइन (ओळ संपल्याचं चिन्ह) तसंच ठेवतं. मग 'सॉकेट-अॅड्र' (पत्ता आणि पोर्ट एकत्र) म्हणून पार्स करा. फसलं आणि पहिलं चिन्ह अक्षर असेल, तरच रिझॉल्व्हरकडे पाठवा. आकडा असेल तर ओळ क्रमांक दाखवून थांबा. पोर्ट, म्हणजे ':' नंतरचा आकडा, लिहायचा राहिला तरी 'सॉकेट-अॅड्र' फसतं; नुसत्या पत्त्याला 'आयपी-अॅड्र' वापरा. आयपीव्ही६ या नव्या, लांब प्रकारच्या पत्त्याला पोर्ट जोडताना पत्ता चौकटी कंसात हवा.

प्रश्न : पत्त्यांच्या फाइलची पहिलीच ओळ पार्स होताना अडते, बाकीच्या चालतात.
— एक वाचक, परभणी

उत्तर : फाइल विंडोजवर सेव्ह करताना सुरुवातीला बीओएम हे न दिसणारं चिन्ह बसलं असणार. 'ट्रिम' ते काढत नाही, कारण ते मोकळ्या जागेत मोजलं जात नाही. सुरुवातीचा भाग काढणाऱ्या 'स्ट्रिप-प्रीफिक्स'ने वेगळं काढा. चुकीच्या संदेशात नेमकी जागा कळत नाही, तेव्हा ओळ डीबग स्वरूपात छापून पाहा, लपलेली चिन्हं उघडी पडतात. आणि मराठी कीबोर्ड चालू असेल तर सांभाळा : इथे छापलेत तसे देवनागरी आकडे फाइलमध्ये आले, तर तेही पार्स होणार नाहीत.