पहिला बोलिंग बॉल घेताना: सिमेट्रिकल की असिमेट्रिकल?

प्रश्न : दर रविवारी मॉलमधल्या लेनवर खेळतो. तिथले बॉल सोडून आता स्वतःचा घ्यायचा आहे. विक्रेता म्हणतो, असिमेट्रिकल कोअरचा घ्या, हुक (शेवटी बॉलचं वळणं) जास्त मिळेल. सिमेट्रिकल घेतला तर पैसे वाया जातील का?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : मुळीच नाही. पहिला बॉल सिमेट्रिकलच घ्या. बॉल किती वळणार हे सर्वांत आधी कव्हर ठरवतं, म्हणजे वरचा थर आणि तो किती खरखरीत आहे ते. कोअरचा नंबर त्यानंतर. विक्रेत्यानं कव्हरबद्दल काहीच सांगितलं नसेल, तर त्याचा सल्ला अर्धाच आहे.

कोअर म्हणजे आतला जड ठोकळा. बॉल कोणत्या अक्षाभोवती किती सहज फिरतो हे आरजी (रेडियस ऑफ जायरेशन) या आकड्यानं, इंचांत मोजतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आरजीतला फरक म्हणजे डिफरन्शियल. लेनवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. डिफरन्शियल ०.०३०च्या आसपास असला, तर बॉलवर त्या तेलाच्या रेघा एकमेकींना चिकटून उमटतात. ०.०५०ला त्या पंख्यासारख्या पसरतात. म्हणजे प्रत्येक फेरीला कव्हरचा कोरडा भाग लेनला लागतो आणि पकड वाढते. बॉलचे मुख्य अक्ष तीन. सिमेट्रिकलमध्ये सर्वांत कमी आरजीचा अक्ष सोडून उरलेले दोन जवळपास सारखे असतात. असिमेट्रिकलमध्ये त्या दोघांतही फरक असतो, साधारण ०.००८ आणि त्याहून जास्त. त्यामुळे तेल संपताच बॉल झटकन वळतो आणि तितक्याच लवकर सरळ रोलला येतो.

घोळ इथेच होतो. फाऊल लाइनपासून पहिली पिन ६० फुटांवर. दिवसभर लोक खेळून गेलेल्या लेनवर तेल विस्कटलेलं आणि कमी. तिथं असिमेट्रिकल बॉल अलीकडेच वळून घेतो, पिनांपाशी पोचेपर्यंत त्याची ताकद संपते. पॉकेटमध्ये, म्हणजे १ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या फटीत, बसूनही उजव्या हातानं खेळणाऱ्याची कोपऱ्यातली १० नंबरची पिन उभीच राहते. खेळणाऱ्याला वाटतं नेम चुकला. नेम बरोबर असतो, बॉल चुकीचा असतो.

लेनवरच्या स्क्रीनवर वेग दिसत असेल तर तो बघा. ताशी २५ किलोमीटरच्या आतबाहेर आणि हातात फिरकी भरपूर असेल, तर सिमेट्रिकलच. ताशी ३०च्या आसपास वेग, फिरकी कमी आणि लेनवर ताजं, भरपूर तेल असेल, तेव्हा असिमेट्रिकलचा खरा उपयोग. स्पर्धेच्या लेनवर खेळायला लागलात की दुसरा बॉल म्हणून त्याचा विचार करा.

आत्ता पेलवेल त्या वजनात रिॲक्टिव्ह रेझिनचा (लेनवर जास्त पकड घेणाऱ्या कव्हरचा) पर्ल, म्हणजे चमकदार, किंवा हायब्रिड, म्हणजे पर्ल आणि साध्याचं मिश्रण असलेल्या कव्हरचा बॉल घ्या. आरजी २.५० ते २.५४, डिफरन्शियल ०.०३५ ते ०.०४५. वजन १४ पौंडांपेक्षा कमी घेणार असाल, तर आकडे त्याच वजनाचे विचारा. हलक्या बॉलमध्ये पुष्कळदा कोअर वेगळा असतो आणि जाहिरातीतले आकडे बहुधा १५ पौंडांचे असतात.

प्रश्न : मी डावखुरी आहे. उजव्या हातानं खेळणारा मित्र त्याचा असिमेट्रिकल बॉल स्वस्तात देतोय. घेऊ का?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : आहे त्या भोकांवर नको. बॉल सोडताना तो ज्या अक्षाभोवती फिरतो, त्याच्या टोकाला पीएपी म्हणतात. ते प्रत्येकाचं वेगळं असतं आणि डावखुऱ्यांचं तर बोटांच्या भोकांच्या दुसऱ्या बाजूला. बॉलवरचा रंगीत ठिपका म्हणजे पिन. ती पीएपीपासून सुमारे सव्वातीन ते साडेतीन इंचांवर असली की रेघा सर्वाधिक पसरतात, ५ इंचांच्या पुढे कमी. असिमेट्रिकलवर मास बायसची, म्हणजे सर्वांत जास्त आरजीच्या अक्षाची, आणखी एक खूण असते, तीही तुमच्या पीएपीच्या हिशेबानं बसवावी लागते. म्हणजे भोकं बुजवून नव्यानं पाडणं आलं.

खर्च करण्याआधी मधल्या दोन बोटांच्या भोकांमधली पट्टी उजेडात धरून नीट बघा. केसाएवढीही चीर दिसली तर सौदा सोडा. चौथं भोक असेल तर तेही बुजवून घ्या. ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या नियमांत वजन साधण्यासाठीचं जादा भोक चालत नाही.

प्रश्न : बॉल गाडीच्या डिकीत ठेवला तर चालेल?
(एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नाही. बंद डिकीत बॉल फार तापतो, मग एसी लेनवर अचानक थंड होतो. अशानं कव्हर तडकू शकतं, विशेषतः भोकांच्या कडांना. घरात, सावलीत ठेवा आणि दर खेळानंतर लगेच मायक्रोफायबरनं तेल पुसा. कव्हर तेल शोषून घेतं आणि मग बॉल वळायचा कमी होतो.