काटा कोणाचा?

बेटा,

तुझा फोटो आणि लांबलचक मेसेज, दोन्ही मिळाले. मेसेज दोनदा वाचला. फोटोचं शेवटी सांगतो.

रविवारी यावलहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "काकांना सांग, जरा उजळ करून द्या, बायोडाटाला लावायचाय." आणि सोमवारी म्युनिकच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी तुझ्या हाताला आपला हात लावून म्हणते, हा रंग मिळवायला मी पैसे मोजते. मग काका, यातलं खरं कोणतं, असं तू विचारलंस. आणि त्याखाली, जाता जाता लिहिल्यासारखं, "इथंच राहावंसं वाटतं. इथं मी छान दिसते."

तू सुंदर आहेस वगैरे मी लिहिणार नाही. खरं सौंदर्य मनाचं असतं, हे तर नाहीच नाही. ज्यांच्या तोंडाला कधी कोणी नाव ठेवलेलं नसतं ती माणसं असं बोलतात. विठोबा काळा, कृष्ण सावळा, अशी समजूत घालायला येतात त्यांनाही दारातूनच परत पाठवत जा. तीच मंडळी सून बघायला निघाली की गोरी शोधतात. मला टोचली ती तुझी शेवटची ओळ, म्हणून हे पत्र.

तू खेड्यातली, तुला हे लगेच कळेल. 1972 ला कापूस एकाधिकार योजना आली, कापूस सरकारच घेऊ लागलं, त्याच्या आधीची गोष्ट. व्यापारी गावात येऊन कापूस घ्यायचे. काटा त्यांचा, मापं त्यांची. सगळं गाव आधी भाव विचारायचं. माझा बाप आधी रिकामा काटा उचलून पासंग बघायचा. दांडी स्थिर होईपर्यंत डोळा काढायचा नाही. व्यापारी चिडायचा. बाप मला म्हणायचा, "भाव मंग इचार, पहिले काटा कोना शे ते इचार." दोन रुपये चढा भाव देणारा मणामागे शेर-दोन शेर सहज मारतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मला आयुष्यात दुसरं काही शिकवलं नाही. मीही तुला दुसरं काही सांगणार नाहीये.

आता आपल्याकडचा काटा बघ. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो. त्या उन्हात कोण असतं? केळीच्या बागेत राबणारे, रस्त्याच्या कामावरचे. सावलीत कोण? ज्याच्या घरी गडी आहेत तो. गोरं कातडं म्हणजे सावलीत बसायची ऐपत, एवढंच हा काटा तोलतो. त्यात जातही येते, ते तुला सांगायला नको. युरोपातही दोन-तीनशे वर्षांपूर्वी असंच होतं. शेतातली बाई रापलेली, उमरावाची बायको पांढरीफटक. अजून पांढरं दिसावं म्हणून त्या बायका तोंडाला शिशाचा पांढरा लेप लावत आणि ते शिसं अंगात भिनायचं. पुढे माणसं शेतातून कारखान्यात, ऑफिसात गेली आणि छपराखाली पांढरी पडली. मग उन्हात जायला कोणाला जमणार? ज्याच्याकडे सुट्टी आहे आणि समुद्रावर जायला पैसा आहे त्याला. 1920 च्या दशकापासून तिकडे रापलेलं अंग ही मिरवायची चीज झाली. तोलायची ती ऐपतच, फक्त पारडं फिरलं.

म्हणजे यावलला लोक तुझ्या तोंडावर 'शेतातली' वाचतात आणि म्युनिकला 'सुट्टीवरून आलेली'. तोंड कोणीच बघितलं नाही. त्या मुलीचा रंग उन्हाळ्यात चढतो, हिवाळ्यात उतरतो. तुझा उतरत नाही. बाराही महिने सावळ्या असणाऱ्या माणसाला तिथे भाड्याने घर शोधताना काय काय ऐकावं लागतं, हे तुझ्या आधी गेलेल्यांना विचार आणि मग छान दिसण्याचा हिशेब कर. भाव चढा मिळाला म्हणून तू काटा बघितलाच नाहीस. यावलची पोरगी असून!

माझी आजी दातवण लावून दात काळे करायची. काळे कुळकुळीत दात म्हणजे सवाशिणीचं लेणं. पांढरे दात जनावराचे, असं ती म्हणायची. तिकडे जपानात खानदानी बायकाही शेकडो वर्षं दात काळे करत होत्या. 1870 ला तिथल्या सरकारने उमराव घराण्यांना ते बंद करायला लावलं, 1873 मध्ये महाराणीच पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, आणि बघता बघता ते सौंदर्य गावंढळ ठरलं. दात तेच. चीनमध्ये बोटं तळव्याखाली मोडून मुलींचे पाय बांधायचे, मॉरिटानियात बळेबळे दूध पाजून मुलींना जाड करायचे. करणाऱ्या बहुतेक घरच्याच बायका, आणि कारण दोन्हीकडे एकच: नाहीतर हिचं लग्न कसं होणार? तुझ्या आईवर चिडू नकोस. तीही तेच विचारतेय.

माझं सांगतो आता. सांगितलं नसतं, पण तू फोटो उजळायला नेमका माझ्याकडे पाठवलास, आणि हे काम आख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणी केलं नसेल.

1979 ला भुसावळला स्टेशनजवळ स्टुडिओ टाकला. तेव्हा फोटो काळा-पांढरा. रीटचिंगचं एक उतरतं लाकडी डेस्क असायचं. मध्ये दुधी काच, खाली आरसा, आरशातून खिडकीचा उजेड वर काचेवर. त्यावर निगेटिव्ह ठेवायची, रीटचिंगचं औषध बोटाने चोळायचं, आणि सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल चेहऱ्यावर बारीक, गोल गोल फिरवत राहायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. सावळा चेहरा तिथे पारदर्शक, उजळ. गोरा चेहरा काळा. म्हणजे पोरीला गोरी करायची तर आधी तिच्या तोंडाला काळं फासायचं. मी ते श्वास रोखून करायचो, एकेका चेहऱ्याला अर्धा-अर्धा तास, आणि हात चांगला आहे म्हणून मला त्याचा गर्व होता.

मग रंगीत आलं. रोल धुवायला बाहेरगावच्या लॅबला जायचे. सावळ्या पोरी त्यात चिखलासारख्या यायच्या, नाकडोळे बुडालेले. 1988 च्या सुमाराची एक मुलगी आठवते. तीन नकार झालेले, बापाबरोबर आलेली. फोटो वाईट आला, परत काढला, परत तसाच. मी तिच्यासमोर तिच्या बापाला म्हणालो, "फिल्म काय करणार हो, पोरीचा रंगच तसा आहे." बाप काही बोलला नाही. तिने पाकिटातून तिन्ही कॉप्या काढल्या, मोजल्या, परत पाकिटात घातल्या आणि मला पैसे दिले.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की जगभरच्या लॅबमध्ये रंग जुळवायला एक नमुन्याचं कार्ड असायचं आणि त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. शर्ली कार्ड म्हणत त्याला. शर्ली बरोबर दिसली की प्रिंट बरोबर. पुढे फिल्म सुधारली, त्यामागेही मोठा रेटा होता तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांचा. त्यांच्या मालातल्या तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसत नव्हत्या. पोरीचा रंग तसा नव्हता गं, काटाच तसा होता. आणि मी, कापसाच्या घरातला, पासंग न बघता माल हलका म्हणून सांगत होतो. त्या मुलीचं नाव वहीत असेल. वही 2006 च्या पुरात भिजली असं मी सगळ्यांना सांगतो. ती माळ्यावर आहे, काढायची हिंमत होत नाही.

त्याच सुमाराला होळीच्या आधी धडगावला आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात गेलो होतो. धडगाव तेव्हा धुळे जिल्ह्यात. काळ्या-पांढऱ्या रोलवर एका पावरा बाईचा फोटो काढला. गळा चांदीने भरलेला, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. घरी येऊन मी, कोणीही न सांगता, पेन्सिलीने गोंदण भरून टाकलं. तिच्यावर उपकार म्हणून! पुढच्या होळीला प्रिंट घेऊन गेलो, बाजारात तिला शोधून दिली. तिने फोटोतल्या कपाळावरून अंगठा फिरवला, दोनदा, धूळ पुसल्यासारखा. मग सोबतच्या पोराला काही म्हणाली. तो मला म्हणतो, विचारतेय, माझं लेणं कुठं गेलं? मी म्हटलं, चांदी सगळी दिसतेय की. ती हसली. पोरगा म्हणाला, "चांदी तर गहाण पडते, म्हणतेय."

1991 च्या लग्नसराईत दुकानात पाटी लावली: 'रंग उजळून मिळणार नाही.' समोरच्या दुकानात रांग लागली. तीन मोसम हातचे गेले. बायको तेव्हा बोलली, मुलगा अजून बोलतो, तुमच्या हट्टापायी धंदा बुडाला. बुडाला नाही. पासपोर्ट फोटोंवर 2011 पर्यंत चालला. आणि त्याआधी मी उजळलेल्या फोटोंनी लग्नं जुळलीच ना? त्यांची पोरं नोकऱ्यांना लागली, नमस्कार करतात मला रस्त्यात. एकदा एका मुलाकडचे 'फोटोत एक, घरात एक' म्हणून दुकानात भांडायला आले होते, पण एकदाच. मी नसतं केलं तर दुसऱ्या कोणी केलं असतं, आणि माझ्यापेक्षा वाईट केलं असतं... जाऊ दे. हे मी तुला सांगत नाहीये.

आणि पाटीचं ऐकून मला मोठा समजू नकोस. 2003 ला माझ्याच मुलीचा बायोडाटा करायचा होता. कॉम्प्युटर आलेला होता. रात्री अकरा वाजता शटर ओढून मी तिचा फोटो दोन छटा उजळला. पेन्सिलीचं अर्ध्या तासाचं काम, आता माउसच्या चार टिचक्या. सकाळी ती दुकानात आली, बरोबर त्या पाटीखाली उभी राहून प्रिंट बघितली आणि म्हणाली, "पप्पा, मस्त आलाय. कोणाचं लग्न आहे?"

म्युनिकला राहायचं तर राहा. पगारासाठी राहा, कामासाठी राहा, कोणी आवडला असेल तर त्याच्यासाठी राहा, आईशी मी बोलतो. पण 'इथं छान दिसते' म्हणून राहू नकोस. आपला माल कोणत्या बाजारात चढ्या भावाने जातो हे बघत फिरायला तू काय कापूस आहेस? इकडे स्थळ आलं आणि त्यांनी फोनवर विचारलं, मुलीचा रंग कसा, तर आईला सांग, रंग सांगायचा नाही, फोन तुझ्याकडे द्यायचा. तू त्यांनाच विचार, तुमच्याकडे काटा कोणाचा? उद्धट म्हणतील. माझ्या बापालाही म्हणायचे.

आता फोटो. तू खिडकीकडे पाठ करून उभी आहेस. फोनने बाहेरचा बर्फ सांभाळला आणि तुझं तोंड अंधारात टाकलं, म्हणून आईला तू काळवंडलेली वाटलीस. खिडकीकडे तोंड कर, थोडी तिरकी उभी राहा, उजेड एका गालावरून येऊ दे. फोनमधलं ते ब्युटीचं बटण आधी बंद कर. पुन्हा काढ आणि पाठव. तोवर हा आहे तसाच परत पाठवतोय. तुझ्या मागे खुंटीवर ओली छत्री लटकत होती, तेवढी कापलीय.

— काका