भाषाविज्ञानात एम.ए. झालं, पुढे?

प्रिय मैत्रिणी,

पत्र मिळालं. आधी एक सांगते, 'आदरणीय मॅडम' नको, ताई म्हण. डेक्कन कॉलेजच्या त्याच आवारात मीही शिकले आहे, मधे बरीच वर्षं गेली एवढंच.

नेट झाली, जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलंय, घरचे बी.एड. कर म्हणतात, सर पीएच.डी.ला नाव नोंदव म्हणतात, आणि तू विचारतेस की बाहेर भाषाविज्ञानाला विचारतं कोण. नाव घेऊन फारसं कुणी विचारत नाही. जाहिरातीत 'लिंग्विस्ट' दिसला तरी लगेच हुरळून जाऊ नकोस. लोकलायझेशनच्या, म्हणजे ॲप-वेबसाइट स्थानिक भाषेत आणण्याच्या, धंद्यात हा शब्द बहुतेकदा भाषांतर करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या माणसासाठी वापरतात. तुझ्या विषयाचं काम 'ॲनॅलिटिकल लिंग्विस्ट', 'लँग्वेज डेटा', 'ॲनोटेशन लीड', 'स्पीच डेटा' अशा नावांखाली असतं. ती नावं टाकून शोध.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण वर्गात ते कुणी सांगत नाही.

मोबाइलमधला मराठी आवाज घे. लिहिलेला मजकूर त्याने वाचून दाखवायचा असतो. '२.५ लाख' दिसल्यावर त्याने 'अडीच लाख' म्हणायला हवं. 'दोन पूर्णांक पाच दशांश लाख' म्हणाला तर ऐकणारा फोन बंद करेल. '१२५' रुपये असतील तर सव्वाशे चालतं, पण तेच आकडे फोन नंबरात आले तर एक-दोन-पाच. 'केलं'मधला अनुस्वार नाकात जात नाही, तिथे शेवटचा अ नुसता लांबतो. 'गंध'मधला मात्र खरा अनुनासिक. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाण्याचं भांडं, लिहिताना एकच, ज मात्र दोन. इंजिनिअर हुशार असतात, पण त्यांना हे सगळं सुटे सुटे बिघाड वाटतात. यातलं काय नियमात बसतं, काय शब्दकोशात घालावं लागेल आणि काय वाक्याच्या संदर्भाशिवाय सुटणारच नाही, हे वेगळं करून देणारं माणूस लागतं. ध्वनिविचाराच्या पेपरात तू दुसरं काय करत होतीस?

दुसरं काम ॲनोटेशनचं, म्हणजे मजकुरावर खुणा करण्याचं. ते बाहेरून हमाली वाटतं, आणि खालच्या पायरीवर ते असतंही. बातम्यांतली नावं ओळखून व्यक्ती, ठिकाण, संस्था अशा खुणा करायच्या असतात. 'वर्षावर बैठक झाली' हे वाक्य आलं की चार खुणा करणारे चार गोष्टी म्हणतात, कारण वर्षा हे मुलीचं नाव, ऋतूचं नाव आणि मुख्यमंत्र्यांच्या बंगल्याचंही. 'सह्याद्री' डोंगर आहे की मुंबईतलं अतिथिगृह? 'शिवाजीनगर'मधल्या शिवाजीला वेगळी खूण करायची का? आणि 'सह्याद्रीवर'मधला 'वर' नावात धरायचा की बाहेर ठेवायचा? विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येणाऱ्या आपल्या भाषेत हा प्रश्न ओळीओळीला येतो. अशा वेळी जो सूचनांची पुस्तिका लिहितो, त्यात उदाहरणं घालतो, मतभेद कुठे होणार हे आधी ओळखतो, त्याला खरी किंमत आहे. खुणा करणाऱ्या दोघांचं किती जमलं ते मोजायला कोहेनचा कापा नावाचा आकडा वापरतात. १९६० सालचं साधं गणित आहे, एका दुपारी येईल. पण आकडा कमी आला तर चूक माणसांची, सूचनेची की भाषेचीच तशी घडण आहे, हे सांगणं गणिताला जमत नाही.

म्हणून अर्ज करण्याआधी एक काम घरी बसून कर. मराठी बातम्यांतली दोनशे वाक्यं घे, नावांच्या खुणा कर, एखाद्या मैत्रिणीकडून स्वतंत्रपणे करून घे, कापा काढ, आणि जिथे पटलं नाही त्यावर चार पानांची पुस्तिका लिही. मग पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठी नावांचा जो संच खुला केला आहे त्याच्याशी ताडून बघ. तुझं कुठे वेगळं पडतं ते लिही. सगळं गिटहबवर, म्हणजे काम सगळ्यांना बघता येईल अशा साइटवर, ठेव. मराठीत अशा कामाला अजून भरपूर जागा आहे. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या अनेक भाषांच्या खुल्या साठ्यातला मराठी वृक्षसंच (वाक्यरचनेच्या खुणा केलेली वाक्यं) पाचशे वाक्यांच्या आत आहे, म्हणजे एकट्या माणसाने नेटाने केलेलं कामही इथे दिसतं. आणि स्वतःचं खुलं काम हवंच, कारण कंपनीत केलेलं बरंचसं काम गोपनीयतेच्या कराराखाली जातं; पुढच्या मुलाखतीत ते दाखवता येत नाही.

पायथॉन शिक, पण इंजिनिअर व्हायला निघू नकोस. फाइल उघडणं, रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरात ठरावीक नमुने शोधणं), तक्त्यांची उलथापालथ, एवढं आलं की सुरुवातीला पुरतं. प्रात आणि एलान ही ध्वनिमुद्रणं तपासायची, त्यांवर नोंदी करायची सॉफ्टवेअरं तुला येतातच.

तुझा बायोडेटा वाचला. वरच्या निम्म्या पानावर पेपरांची नावं आणि टक्के आहेत, आणि प्रबंधाला एकच ओळ: 'चंदगडी बोलीतील विभक्तिप्रत्यय : एक वर्णनात्मक अभ्यास'. हे शीर्षक वाचून कुठल्याही मॅनेजरला काही कळणार नाही. त्या एका ओळीत काय काय आहे ते बघ. अनोळखी गावात जाऊन तू माणसं मिळवलीस, त्यांची संमती घेतलीस, तासन्‌तास ध्वनिमुद्रण केलंस, लिप्यंतर केलंस, दोन म्हाताऱ्यांनी दोन रूपं सांगितली तेव्हा कुठलं का नोंदवायचं ते ठरवलंस, आणि सगळं वेळेत संपवलंस. हे लिही. किती तास, किती बोलणारे, कुठलं साधन, सगळं आकड्यांसकट. पेपरांची यादी खाली ने.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडे या विषयावर मोठी माणसं घसा खाकरून गप्प बसतात. मोठ्या कंपनीचं काम करशील, पण बहुधा पगार देणारी कंपनी तिसरीच असेल आणि करार काही महिन्यांचा. ते वाईटच असं नाही, फक्त आधी माहीत हवं. दर शब्दामागे, तासामागे की खुणेमागे, ते लेखी घे. 'नमुना म्हणून' पानंच्या पानं फुकट मागणाऱ्याला नाही म्हण. एक परिच्छेद पुरे. तासिका तत्त्वाचा हिशोबही असाच मांड. तिथे शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाही. माझं मत विचारशील तर एक सत्र घे, दुपारी तुझ्या हातात राहतील. दुसरं सत्र मात्र विचार करून घे. 'पुढच्या वर्षी जागा निघेल' या एका वाक्यावर लोकांची दहा दहा वर्षं गेलेली मी बघितली आहेत.

बाकीच्या वाटा थोडक्यात. भाषा संचालनालयात आणि न्यायालयांत अनुवादकाच्या जागा असतात. जाहिरात निघेल तेव्हा अर्ज कर, पण वाट बघत बसू नकोस. वाचोपचाराचं, म्हणजे स्पीच थेरपीचं, काम आपल्या पदवीवर करता येत नाही, त्याला वेगळी पदवी आणि पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कुणी 'तुमचंच क्षेत्र ते' म्हणालं तर हसून सोडून दे.

पीएच.डी.बद्दल सरांशी वाद घालू नकोस. खरोखर छळणारा प्रश्न असेल तर ती पाच वर्षांनीही करता येते. फक्त बाहेरचा वेग वेगळा असतो याची तयारी ठेव. आपल्याच संस्थेतला संस्कृत महाकोश १९४८ मध्ये सुरू झाला आणि छापून आलेले खंड अजून 'अ'मध्येच आहेत. मला त्या चिकाटीचा अभिमान आहे, चेष्टा करत नाहीये. पण कंपनीत तुला कुणीतरी सोमवारी विचारेल आणि गुरुवारी उत्तर मागेल. पुरावा अर्धाच असेल आणि तरी ठरवावं लागेल. पहिले काही महिने हे फार टोचतं. नंतर 'आत्ता एवढं नक्की सांगता येतं, एवढं नाही' असं लिहून द्यायला माणूस शिकतो, आणि समोरच्यालाही तेच हवं असतं.

आपल्या विभागातून बाहेर पडलेले बरेच जण पुण्यात, बंगळुरात, हैदराबादला आहेत. त्यांना लिही, पण नोकरी मागू नकोस. गेल्या आठवड्यात कामावर नेमकं काय केलंत, एवढंच विचार. लोक यावर भरभरून बोलतात, नोकरी मागितली की मात्र 'बायोडेटा पाठव' म्हणून मोकळे होतात. मी दोघींचे पत्ते देते, त्यांना विचारून.

बायोडेटा नव्याने लिहून दिवाळीच्या आत पाठव. पुस्तिकेची पहिली दोन पानं कच्ची असली तरी चालतील, 'वर'चं काय ठरवलंस ते मला आधी वाचायचंय. फोन रात्री आठनंतर कर, त्याआधी मी मीटिंगमध्ये अडकलेली असते.

तुझी,
ताई